प्रॉम्प्टरची नाडी

१

तिसऱ्या अंकात अण्णा वाक्य विसरले आणि खालून कोणीच बोललं नाही.

अण्णा हे त्या नाटकमंडळीतले सर्वांत जुने नट. अलीकडे दर प्रयोगात ते कुठेतरी अडकायचे, आणि दर वेळी रंगमंचाच्या पुढच्या कडेला असलेल्या चौकोनी खोबणीतून पुढचा शब्द हळूच वर यायचा. अण्णा तो उचलायचे आणि असे गरजायचे की विसरण्याची ती जागाही लेखकानेच लिहून दिली असावी असं वाटे.

खोबणीत मामा बसायचे. ते मंडळीचे प्रॉम्प्टर, आणि सगळ्यांचेच मामा. खाली खुर्ची, समोर संहिता, आणि डोकं तेवढं फळ्यांच्या वर, नटांच्या बुटांच्या पातळीला. मागे लाकडी झडप असल्यामुळे प्रेक्षकांना ते कधी दिसले नाहीत.

त्या दुपारी अण्णा थांबले. एक पाऊल पुढे आले, पुन्हा थांबले. नायिका त्या अंकात मरून जमिनीवर पडलेली असते. ती ओठ न हलवता म्हणाली, "अण्णा, काहीही बोला, मला शिंक येतेय." अण्णांना काही सुचेना. पडदा पाडावा लागला.

झडप उघडली तेव्हा मामा खुर्चीत एका अंगाला कलंडलेले होते. चेहऱ्याची डावी बाजू ओघळल्यासारखी झाली होती. डावा डोळा उघडा होता आणि मिटत नव्हता. श्वास चालू होता. नाडी मात्र इतक्या सावकाश पडत होती की मनगट धरणाऱ्याला दोन ठोक्यांच्या मध्ये घाबरायला पुरेसा वेळ मिळत होता.

मी तिथे नव्हते. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते; रक्तातले जंतू आणि त्यांच्या खुणा शोधणं हे माझं काम. हे सगळं मला नंतर कळलं. मी प्रत्यक्ष पाहिलं ते एवढंच, की संध्याकाळी नाटकाचा दिग्दर्शक आमच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आला आणि त्याने टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक चहाचा थर्मास, अर्धा भरलेला. आणि गोळ्यांची एक रिकामी बाटली.

"ही बाटली अण्णांची," तो म्हणाला. "हृदयाची गती आवरायच्या गोळ्या. परवापर्यंत भरलेली होती. आज वेशभूषेच्या खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात सापडली. त्या खोलीत एकच बाई बसते, आणि हा थर्मासही तीच भरते. मामांना विष दिलंय, बाई. कोणी दिलं तेही मला माहीत आहे."

"कोणी?"

"त्यांच्या सुनेने."

२

डॉक्टरीणबाईंची एक सवय आहे. कोणी फार खात्रीने बोललं की त्या त्याला चहा विचारतात. दिग्दर्शकालाही त्यांनी विचारला. त्याने टेबलावरच्या थर्मासकडे पाहिलं आणि नको म्हटलं.

"कारण काय असावं?" बाईंनी विचारलं.

"तिचा नवरा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात आहे. तिला तिकडे जायचंय. मामा नाटक सोडून यायला तयार नाहीत, आणि त्यांना एकटं टाकून जाता येत नाही. गेल्या आठवड्यात तिच्या खोलीत दोघांची चांगलीच जुंपली. ती म्हणाली, 'तुम्ही आहात तोवर माझी सुटका नाही.' सगळ्यांनी ऐकलंय."

"ऐकलं असेल. माझ्या सासूबाई होत्या तेव्हा मीही याहून वाईट बोललेय," बाई म्हणाल्या. "पोलिसांकडे गेलात?"

"जाणार आहे. तुमचा अहवाल हातात आला की लगेच."

"परवा या."

तो गेल्यावर आम्ही मामांकडे गेलो. पलंगाशेजारच्या पडद्यावर त्यांच्या हृदयाचा आलेख सरकत होता. बाईंनी मला जवळ बोलावलं. त्या मला दुर्बीण म्हणतात. माझं खरं नाव त्यांना आठवत असेलच असं नाही.

"बघ, दुर्बीण. वरच्या कप्प्याने निरोप दिलाय. खालच्या कप्प्यापर्यंत तो पोचलाच नाही. मग खालचा कप्पा आपल्या मनाने कसाबसा चालतोय."

"त्यांच्या धंद्यासारखंच झालं की," मी म्हटलं.

बाई हसल्या नाहीत, पण त्यांना ते आवडलं असावं. त्यांनी मामांना कपाळाला आठ्या घालायला सांगितलं. उजवीकडे आठ्या पडल्या, डावीकडचं कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट राहिलं.

"मेंदूला झटका आला असता तर कपाळ बहुधा वाचलं असतं," त्या म्हणाल्या. "हे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं आहे. कधीपासून, मामा?"

"परवापासून," मामा वाकड्या तोंडाने बोलले. "वाटलं, दाढ सुजली."

तेवढ्यात सून आली. उंच, सडपातळ, पदराला दोन टाचण्या तशाच टोचलेल्या. काम टाकून आली होती. तिने काही न बोलता पेल्यात पाणी ओतलं आणि त्यांच्या ओठांशी नेलं.

मामांनी तोंड फिरवलं.

"बाबा, घसा कोरडा पडलाय तुमचा."

"नर्सला दे म्हणावं."

ती तशीच उभी राहिली. मग पेला खाली ठेवून बाहेर बाकावर जाऊन बसली. मामांच्या कानावरही दिग्दर्शकाचं म्हणणं गेलं होतं, आणि त्यांनी ते खरं मानलं होतं, हे आम्हा तिघींनाही एकाच वेळी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्ताचा अहवाल माझ्या हातात आला. मामांच्या रक्तात अण्णांच्या औषधाचा कणही नव्हता. थर्मासमधला चहा हा नुसता चहा होता.

मी धावतच बाईंकडे गेले. त्यांनी कागद वाचला आणि चष्मा काढला.

"छान. मग बाटलीभर गोळ्या कुठे गेल्या?"

३

नाट्यगृहात शिरल्यावर पहिल्यांदा जाणवला तो वास. ओल्या मातीचा, कुजक्या पानांचा. दिग्दर्शक आम्हाला रंगमंचावर घेऊन गेला आणि दिवे लावले.

समोर जंगल होतं. झाडं पुठ्ठ्याची होती, पण जमीन खरी होती. तपकिरी पानांचा जाड थर, त्यात शेवाळ, वाळक्या काटक्या.

"खऱ्या रानातून पोती भरून आणलंय," तो म्हणाला. इतक्या वेळात पहिल्यांदाच तो खुशीत दिसला. "नदीपलीकडे हरणांचं रान आहे, तिथून. आता पाऊल टाकताना नटांना काही करावंच लागत नाही. पाय आपोआप खरे पडतात."

माझ्या चपला तेवढ्यात ओल्या झाल्या होत्या.

अण्णा रंगपटात आरशासमोर बसले होते. पाहुण्या आल्यात म्हणून उठले, हात पुढे केला. बाईंनी तो हातात घेतला आणि सोडलाच नाही. नाटकाबद्दल विचारलं, तब्येतीबद्दल विचारलं, त्यांच्या पहिल्या भूमिकेबद्दलही विचारलं. अण्णा खुलून बोलत होते. मनगटावर बाईंची दोन बोटं आहेत हे त्यांच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

"तुमच्या गोळ्या चोरीला गेल्या म्हणे," बाई म्हणाल्या.

"हो ना. काय दिवस आलेत."

"दिग्दर्शक म्हणतात परवा गेल्या. मग परवापर्यंत तुम्ही त्या घेत होतात?"

"न चुकता."

"अण्णा, तुमची नाडी उधळलेय. एक ठोका लवकर, दोन उशिरा, पुन्हा तीन घाईघाईने. चार दिवस तरी तुम्ही एकही गोळी घेतलेली नाही."

अण्णांनी हात सोडवून घेतला. आरशात पाहिलं. अर्धा चेहरा रंगवलेला होता, अर्धा त्यांचा स्वतःचा.

"मळमळायचं," ते शेवटी म्हणाले. "दिव्यांभोवती पिवळी वलयं दिसायची. मला वाटलं, वाक्यं विसरतो तीही गोळ्यांमुळेच. मोरीत ओतल्या सगळ्या. बाटली शेजारच्या खोलीतल्या डब्यात टाकली."

"आणि मामा पडल्यावर?"

"सांगणार होतो. पण सांगितलं असतं तर गोळ्या मला सोसत नाहीत आणि मी त्या सोडल्यात हे मंडळीत सगळ्यांना कळलं असतं. मग म्हाताऱ्याला घरी बसवलं असतं. नुसती बाटली सापडली म्हणून हा एवढं रामायण रचेल असं वाटलं नव्हतं."

"ती पोर काल रात्रभर बाकावर बसून होती, अण्णा."

अण्णांनी फडकं उचललं आणि रंगवलेला अर्धा चेहरा पुसायला घेतला. दिग्दर्शक दारात उभा राहून ऐकत होता. तो ओशाळला असेल असं मला वाटलं होतं. पण तो म्हणाला,

"ठीक आहे, या गोळ्या नव्हत्या. दुसरं काही असेल. थर्मासमधला उरलेला चहा तुम्ही तपासलात. पोटात गेलेला अर्धा तपासलात का?"

उत्तर द्यायला बाईंनी तोंड उघडलं, तोच रुग्णालयातून फोन आला. मामांची नाडी आणखी खाली गेली होती.

४

आम्ही पोचेपर्यंत ती पुन्हा थोडी वर आली होती. हृदयतज्ज्ञ म्हणाले, सरळ कायमचा पेसमेकर बसवून टाकू. बाई म्हणाल्या, ठोके देणारी तात्पुरती तार तयार ठेवा, कायमचं उद्या बोलू.

"थांबायचं कशासाठी?" मी विचारलं.

"सकाळी निरोप उशिरा का होईना, पोचत होते. दुपारी एकही नाही. आता अर्धे पोचताहेत. म्हातारपणाने गंजलेली तार अशी तासातासाला बदलत नाही. हे काहीतरी सुजलंय, आणि सूज कमी-जास्त होतेय. शिवाय चेहऱ्याची नस. हृदय कुठे आणि गाल कुठे. दोन घरं एकाच वेळी फोडणारा चोर मला शोधायचाय."

त्यांनी बाकावरच्या सुनेला आत बोलावलं, खुर्ची दिली.

"मी काही केलेलं नाही," ती बसताबसताच म्हणाली.

"ते मला माहीत आहे. पण 'सुनेने केलं नाही' एवढ्याने दिग्दर्शक गप्प बसणार नाही आणि तुझे सासरे पाणी पिणार नाहीत. काय झालं ते मला सांगता आलं पाहिजे. गेले दोन महिने ते कसे होते?"

ती विचार करून बोलू लागली. मधे एकदा मामांना ताप येऊन गेला. अंग मोडून आलं, मान अवघडली, काही दिवसांनी उतरलं. खोबणीतल्या गारव्याचा त्रास असेल म्हणून तिने त्यांना मफलर विणून दिला. थर्मासही तेव्हापासूनच सुरू केला.

"बाहेर कुठे गेले होते? बागेत, शेतावर, फिरायला?"

"बाबा?" इतक्या चिंतेतही तिला हसू आलं. "घर ते नाट्यगृह, नाट्यगृह ते घर. रस्ता ओलांडला की आलंच. घरात कुंडीसुद्धा नाही, बागकामाची त्यांना हौस नाही. कुत्रं नाही, मांजर नाही. उन्हात निघा म्हटलं तर म्हणतात, 'मी काय वाळवणाचा पापड आहे का?'"

"अंगावर काही उठलं होतं? चट्टा, पुरळ?"

"मी त्यांचे केस कापते. मानेच्या वर, केसांच्या आत लाल दिसलं होतं. चांगलं तळहाताएवढं, गोल. मधे फिकट, कडेला लाल. मी म्हटलं मफलर घासला असेल."

"मफलर आधी की चट्टा आधी?"

तिने बोटांवर आठवडे मोजले. मग सावकाश म्हणाली, "चट्टा आधी. मफलर नंतर विणला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रयोगशाळेत काम करते, रोगी फारसे पाहत नाही. पण पुस्तकातलं ते चित्र मला आठवत होतं. पसरत जाणारा गोल चट्टा. मग ताप. मग काही आठवड्यांनी चेहऱ्याची नस आणि हृदयातली वाट.

"लाइम," मी म्हटलं.

"लाइम," बाई म्हणाल्या. "गोचिडीच्या चाव्यातून अंगात शिरणारा जंतू. चोर सापडला. आता अडचण अशी, की हा चोर राहतो रानात, आणि आपले मामा नाट्यगृहापलीकडे कुठे जात नाहीत."

५

बाईंनी अहवालाची वाट पाहिली नाही. त्याच संध्याकाळी शिरेतून प्रतिजैविक सुरू केलं. रक्त माझ्याकडे आलं.

या रोगाची चाचणी दोन टप्प्यांत करतात. जंतू स्वतः सहसा सापडत नाही; आपल्या शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधायची असतात. पहिली चाचणी संशयितांना पकडून आणते. ती थोडी उतावळी असते, कधीकधी निरपराधालाही धरते. दुसरी ओळखपरेड घेते. चावा ताजा असेल तर दोन्ही चाचण्या चकतात, कारण शरीराने अजून उत्तर तयार केलेलं नसतं. मामांचा चट्टा मात्र जुना होता. माझी पहिली चाचणी होकारार्थी आली. दुसरी लावून मी घड्याळाकडे न बघता बसायचा प्रयत्न केला. सकाळी तिच्या पट्ट्या उमटल्या. शंकेला जागा राहिली नाही.

पण बाईंनी दिलेला 'परवा' उजाडला होता, आणि कागद पाहून दिग्दर्शक काय म्हणेल ते मला आताच ऐकू येत होतं. घराबाहेर न पडणाऱ्या माणसाला गोचीड चावली? कुठून आली, थर्मासमधून?

मी खुर्चीखाली पाय सरकवले तेव्हा चपलांचा वास आला. काल ओल्या झाल्या होत्या, अजून वाळल्या नव्हत्या. ओली माती, कुजकी पानं. मी एक चप्पल हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. मग बाईंना फोन केला.

"बाई, मामा रानात गेले नाहीत. रान त्यांच्याकडे आलं."

पलीकडे बाईंची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"पांढरं कापड लागेल," बाई म्हणाल्या. "मोठं. लव असलेलं."

कापड सुनेकडे होतं. पडद्यासाठी आणलेलं पांढरं फ्लॅनेल तिने गुंडाळून दिलं. कशासाठी ते विचारलं नाही, पण आमच्या मागोमाग आली.

रंगमंचावर दिग्दर्शक, अण्णा आणि नायिका जमले होते. सगळ्यांनी उंच बूट घातलेले होते. बाईंनी मला कापडाचं एक टोक दिलं. आम्ही ते पानांवरून सावकाश ओढत नेलं, मागच्या भिंतीपासून खोबणीपर्यंत. मग उलटं करून दिव्याखाली धरलं.

सुरुवातीला कचराच दिसला. पानांचा चुरा, मातीचे कण. मग त्यातला एक कण चालू लागला. खसखशीच्या दाण्याएवढा. त्याच्या शेजारचा दुसरा. मी भिंग काढलं आणि पाय मोजले. आठ.

"पिल्लं आहेत," मी म्हटलं. "गोचिडीची. हीच वाईट, मोठी निदान दिसते तरी."

दिग्दर्शकाने दोन पावलं मागे घेतली, आणि आपण पानांतच उभे आहोत हे लक्षात येऊन तिथेच थबकला.

"बसू नका कोणी," बाई म्हणाल्या. "सांगते काय झालं ते. गोचीड उडी मारत नाही, उडत नाही. ती वाट बघते. माणसाच्या किंवा जनावराच्या उच्छ्वासाकडे ती ओढली जाते. तुम्ही सगळे उंच बूट घालून पानांवर चालता आणि निघून जाता. एकच माणूस असा आहे की ज्याचं तोंड पानांच्या पातळीवर असतं, जो जागचा हलत नाही, आणि जो तासन्‌तास पानांवर श्वास सोडत बोलत असतो. पूर्ण प्रयोगभर, रोजच्या तालमीत. गोचिडीने आणखी काय मागावं? ती मामांच्या केसांत चढली आणि कोणाला न कळता दोन-तीन दिवस तिथे राहिली. जंतू द्यायला तिला तेवढा वेळ लागतो."

"पण ही पानं कधीची आणलेली आहेत," दिग्दर्शक म्हणाला. "दिव्यांचा एवढा उष्मा असतो. किडे जगतीलच कसे?"

"तोच प्रश्न मला पडला होता. कोरड्यात ती मरते. पण तुमची पानं ओली आहेत. का?"

"रोज फवारतो. वाळली की पायाखाली चुरचुरतात. त्या आवाजात प्रॉम्प्टिंग ऐकू येत नाही म्हणून—" तो थांबला.

"म्हणून कोण म्हणालं?"

"मामाच म्हणाले. पहिल्या तालमीलाच. पाणी मारा म्हणाले, नाहीतर माझा शब्द अण्णांपर्यंत पोचत नाही."

अण्णांनी खोबणीकडे पाहिलं आणि टोपी काढली, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"अजून एक," बाई म्हणाल्या. "माझं म्हणणं खरं असेल तर आणखी एकाला चट्टा उठायला हवा. जी या पानांवर दर प्रयोगाला अंकभर मरून पडते तिला."

सगळ्यांनी नायिकेकडे पाहिलं. तिचा हात आधीच मानेवर गेला होता.

"नायटा आहे तो," ती म्हणाली. "मलम लावतेय. वर रंग लावला की दिसत नाही."

"खाज येते?"

"नाही."

"वाढतोय?"

"हो. पण सावकाश." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "मला वाटलं, हिने शिवलेल्या कॉलरच्या कापडाचा रंग उतरून झालं असेल. मी चारचौघांत तसं बोललेही होते."

सुनेने तिच्याकडे पाहिलं. "मला कळलं होतं," एवढंच म्हणाली.

"तुला गोळ्या पुरतील," बाईंनी नायिकेला सांगितलं. "आज सुरू कर, हृदयापर्यंत जायची वेळच येणार नाही. अण्णा, तुमच्या गोळ्या बदलून देते, पण मोरीला पाजायच्या नाहीत. दिग्दर्शक, ही पानं पोत्यांत बांधा आणि जाळा. तुम्हाला पोलिसांकडे जायचं होतं ना? चला, मीही येते. विष नेमकं कोणी आणलं ते सांगायला सोपं जाईल."

दिग्दर्शक पोलिसांकडे गेला नाही. तो सुनेजवळ गेला आणि बराच वेळ काहीतरी सांगत राहिला. ती फ्लॅनेलची घडी घालायला लागली होती. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं; ते जाळायचं होतं.

६

औषधाने हृदयातली वाट हळूहळू मोकळी झाली. आधी निरोप अडखळत पोचू लागले, मग उशिरा, मग वेळेवर. पेसमेकरची गरज पडली नाही. शिरेतलं औषध बंद करून बाईंनी उरलेल्या दिवसांसाठी गोळ्या सुरू केल्या. चेहरा मात्र सावकाश सुधारत होता. डावा डोळा मिटू लागला. हसू अजून अर्धंच यायचं.

हसण्यासारखं फार काही नव्हतंही. बाईंनी मामांना सगळं समजावून सांगितलं होतं. पानं, पाणी, त्यांचा स्वतःचा आग्रह, काहीच लपवलं नाही. मामा ऐकून भिंतीकडे तोंड करून पडले. सून रोज येत होती. स्वच्छ कपडे ठेवायची, मळके न्यायची, नर्सकडे चौकशी करायची. त्यांच्याशी बोलायची नाही. तेही बोलायचे नाहीत. मला वाटलं होतं, खरं काय ते कळलं की सगळं जागेवर येईल. प्रयोगशाळेत तसं होतं.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून बोलली.

"उद्या शेजारच्या काकू न्यायला येतील. डबा लावून दिलाय. गोळ्या कशा घ्यायच्या ते त्यांना समजावलंय. मी आज दुपारच्या गाडीने ह्यांच्याकडे जातेय."

मामांनी मान हलवली.

"दिग्दर्शकाने आरोप केला त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "तो माझा कोण? पण बाबा, तुम्ही पाणी घेतलं नाहीत."

ती पिशवी उचलून गेली. पावलं वऱ्हांड्यात लांब जाऊ लागली.

बाई आलेख बघत होत्या. मामांनी त्यांना विचारलं, "माझ्या हृदयाला गाडीचा प्रवास झेपेल?"

"झेपेल. गोळ्या पूर्ण करायच्या. तिथे पोचल्यावर एकदा आलेख काढून घ्यायचा."

"तिथेही नाटकमंडळ्या असतील."

"असतील. पानं पुठ्ठ्याची आहेत का ते आधी बघून घ्या."

मामा थोडा वेळ चादरीच्या कडेशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "तिला हाक मारता का? तिला सांगा, की मला—"

"मी नाही सांगणार," बाई म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या कागदात डोकं घातलं.

मामा उठले. छातीवरच्या तारा त्यांनी एकेक करून उपटल्या, पडद्यावरची रेघ सरळ झाली आणि यंत्र किंचाळू लागलं. नर्स धावत आली, पाहते तर पलंग रिकामा. बाईंनी हात लांब करून यंत्राचं बटण दाबलं.

"पेशंट कुठेय?"

"चालतोय," बाई म्हणाल्या.

आम्ही दारात जाऊन उभ्या राहिलो. वऱ्हांड्याच्या पार टोकाला, जिन्याजवळ, मामांनी तिला गाठलं होतं. ते बोलत होते. काय बोलत होते ते इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं. मधेमधे थांबत होते, पुन्हा सुरू करत होते, हात हलवत होते. ती पाठ करून ऐकत होती. मग वळली. तिने पिशवी खाली ठेवली, त्यांच्या अनवाणी पायांकडे बोट दाखवलं, चिडून काहीतरी म्हणाली, आणि त्यांचा दंड धरून त्यांना चपला घालायला परत घेऊन आली.